महिनाभराचे पाहुणे

सॉफ्टवेअरला निरोप देताना डोळे पुसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नुसते डोळे पुसून भागत नसे. खालच्या टपरीवरून समोसे यायचे, चहा यायचा, आणि आम्ही तिघं त्या कॉम्प्युटरसमोर उभे राहायचो. चाचा माउसवर हात ठेवून म्हणायचे, ‘‘बहुत काम केलं बाप्पा तू. माफ कर, तुले ठेवून घेयाची आपली ऐपत नाई.’’ मग ते सॉफ्टवेअर स्वतःच्या हातानं काढून टाकायचे आणि वळून आम्हाला सांगायचे, ‘‘समोसे थंड होऊन राह्यले.’’

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या एका गल्लीत, फोटोफ्रेमच्या दुकानाच्या माडीवर आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस होतं. खालचं दुकान चाचांच्या भावाचं, वरची माडी चाचांची. पूर्वी तिथं त्यांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. भिंतीवर रंगवलेला तलाव आणि त्यातली दोन बदकं अजून शाबूत होती, आणि त्या बदकांच्या खाली आमची तीन मशीनं. चाचांना सगळं गाव चाचा म्हणायचं, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. मी चिमूरची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मावशीकडे राहायला आलेली. तिसरा आमचा प्रोग्रामर, बल्लारपूरचा, हुशार आणि सतत वैतागलेला. नाक्यानाक्यावर सायबर कॅफेच्या पाट्या लागत होत्या ते दिवस. वेबसाइट म्हणजे काय ते गिऱ्हाइकाला पटवण्यातच निम्मा वेळ जायचा. एका हॉटेलवाल्यानं तर, ‘‘ते लावल्यावर घरी दुसरी केबल घ्यावी लागन काय?’’ असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

निरोपसमारंभाचं कारण सांगायला हवं. त्या काळी कॉम्प्युटरच्या मासिकासोबत एक सीडी मिळायची. तिच्यात निरनिराळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं असत, महिनाभर फुकट वापरून बघायला. महिना झाला की ते बंद. घ्या विकत, नाहीतर रामराम. सगळं चंद्रपूर यावर एकच उपाय करायचं: कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरची सीडी बाजारात भाजीसारखी मिळायची, ती आणायची आणि खुशाल वापरायची. ही चोरी आहे असं कोणाला वाटतही नसे. मलाही वाटत नव्हतं. वाटायचं ते फक्त चाचांना. आमच्या ऑफिसात तसली सीडी आणायला बंदी होती, आणि महागडी सॉफ्टवेअरं विकत घ्यायची चाचांची ताकद नव्हती. राहता राहिली ती महिनाभराची. त्यांना चाचा ‘पाहुणे’ म्हणायचे.

मासिक आलं की बसस्टँडवरच्या बुकस्टॉलवाला फोन करायचा. चाचा स्वतः जाऊन आणायचे. सीडी रुमालानं पुसायची, बिस्मिल्ला म्हणून आत सरकवायची आणि पाहुण्याला नाव द्यायचं. कंपनीनं दिलेलं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर बसायचं नाही असं नव्हे, त्यांना ते आवडायचं नाही. फोटो कापायचं, उजळायचं, मागचा पसारा पुसायचं सॉफ्टवेअर म्हणजे हज्जाम. वेबसाइटची पानं उभी करणारं ते मिस्त्री. सगळ्या लिंका फिरून तपासणारं, कुठली तुटली ते सांगणारं, ते कोतवाल. बनवलेली पानं इथून उचलून दूरच्या सर्व्हरवर चढवणारं ते हमाल. आणि पडद्यावर अक्षरं उडवणारं, गोल गोल फिरवणारं एक होतं, त्याचं नाव नौटंकी. नौटंकीवर चाचांचा राग होता. ‘‘माणूस पत्ता शोधाले आला, अन् ह्यो त्याच्यासमोर नाचून राह्यला,’’ असं म्हणायचे.

आता गंमत बघा. हज्जाम महिनाभर असणार, म्हणून त्या महिन्यात आम्ही फक्त फोटोच कापायचो. सगळ्या गिऱ्हाइकांचे. पुढच्या महिन्यात मिस्त्री आला की फक्त पानं. म्हणजे आमच्या धंद्याला हंगाम होते. मोहफुलं चैत्रात, तेंदूपत्ता वैशाखात, तसा अमक्या महिन्यात हज्जाम. एकदा कोचिंग क्लासचे एक सर भर मिस्त्रीच्या हंगामात फोटो घेऊन आले. त्यांना स्वतःच्या फोटोमागची भिंत काढून तिथं विद्यापीठाची इमारत हवी होती.

चाचा म्हणाले, ‘‘सर, सध्या हज्जाम नाई.’’

सरांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला.

‘‘मंग कधी येईन?’’

‘‘नवा अंक निघाला का येईन. तुमी तेंदूपत्ता दिवाळीत मागता काय, सर? मंग?’’

सर निघून गेले ते दुसऱ्या कॉम्प्युटरवाल्याकडे. आमचा प्रोग्रामर कपाळावर हात मारून बसला. त्याचं म्हणणं साधं होतं: मशीनचं घड्याळ मागं करा, सॉफ्टवेअर फसतं, महिना संपतच नाही. एकदा त्यानं गुपचूप तसं केलंही. चाचांनी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पगाराच्या दिवशी मला पगार दिला आणि त्याला म्हणाले, ‘‘तुहा तं झाला नं बेटा मागच्या महिन्यात. तू अजून तिथीच राह्यतं.’’ संध्याकाळपर्यंत त्याला तसंच ताटकळत ठेवलं आणि मग हसत हसत पाकीट दिलं. पुन्हा कोणी घड्याळाला हात लावला नाही. सगळं पुसून मशीन नव्यासारखं करायचं आणि तोच पाहुणा परत बसवायचा, हीसुद्धा एक युक्ती होती. ती मी सुचवली. चाचांनी मला विचारलं, ‘‘एकच माणूस टोपी बदलून पुन्हा पंगतीत बसला, तं तू त्याले वाढशीन काय?’’ मी म्हटलं, वाढीन. म्हणाले, ‘‘तू वाढशीन. पण तो बसला काऊन?’’

हा हट्ट कुठून आला ते त्यांच्या भावाकडून कळलं. वडिलांनी महाकालीच्या यात्रेचा एक फोटो काढला होता. त्यासाठी ते झाडावर चढून बसले होते म्हणे. गावातल्या दुसऱ्या स्टुडिओवाल्यानं त्याची नक्कल केली, खालचा शिक्का खरवडला आणि स्वतःचा मारून तो फोटो यात्रेत विकला. वडील भांडले नाहीत. फक्त त्या रस्त्यानं जाणं त्यांनी सोडलं, मशिदीत जायलाही लांबून वळसा घालून जायचे. चाचा लहान होते, बोट धरून तो वळसा त्यांनीही घातला होता. चाचा हे स्वतः कधी बोलले नाहीत.

सगळ्या सॉफ्टवेअरांत फक्त हमाल आमचं स्वतःचं होतं, रीतसर विकत घेतलेलं. ते लिहिणारा कोणी परदेशातला एकटाच माणूस होता आणि त्यानं किंमत माफक ठेवली होती. पैसे पोचल्यावर त्याचा आभाराचा मेल आला. चाचांनी तो परवाना छापून घेतला, खाली भावाकडून सागवानी फ्रेम करून घेतली, काच लावली आणि मक्केच्या चित्राशेजारी टांगला. कोणी आलं की आधी तो दाखवायचे. लोकांना वाटायचं, सरकारी बक्षीस असेल.

मी चाचांची टिंगल पुष्कळ केली, तोंडावर केली. पण खरं सांगते, त्या माडीवर मी जेवढं शिकले तेवढं कुठंच शिकले नाही. दर महिन्याला नवा पाहुणा, त्याची बटणं वेगळी, त्याच्या खोड्या वेगळ्या. आठवडाभरात तो समजून घ्यायचा आणि उरलेल्या दिवसांत त्याच्याकडून रगडून काम काढायचं. नंतर नागपुरात मोठ्या ऑफिसात गेले तेव्हा कुठलंही नवीन सॉफ्टवेअर समोर आलं तरी मला धडकी भरली नाही. चाचांचं म्हणणं होतं की हत्यार कायमचं घरात असलं की माणूस आळशी होतो. यातला किती भाग तत्त्वज्ञान आणि किती भाग रिकामा खिसा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका उन्हाळ्यात, दुपारी, एक बाई माडी चढून वर आल्या. काळ्यासावळ्या, उंच, हातात बांबूची एक टोपली, लुगडं गुडघ्याच्या जरा खालपर्यंत नेसलेलं. पायरीवर चप्पल काढून, ‘‘जोहार भाऊ,’’ म्हणाल्या आणि विचारलं, ‘‘इथी कंपूटरात टोपल्या टाकून देते काय?’’

प्रोग्रामर हसला. चाचांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी आणायला गेला.

बाई धानोऱ्यापलीकडच्या एका गोंड गावातल्या. गावातल्या बायकांचा बचतगट होता, बांबूच्या टोपल्या, सुपं, मासे धरायचे झापे करणारा. बाई त्याच्या अध्यक्ष. दिवाळीनंतर दिल्लीत मोठा हस्तकलेचा बाजार भरणार होता. गडचिरोलीच्या बैठकीत साहेबांनी सांगितलं होतं की निवड करणारी मंडळी नागपुरात बसतात, ती गावोगाव फिरत नाहीत. ज्याचं काम कॉम्प्युटरवर दिसेल त्याला बोलावतात. दिवाळीआधी दिसलं पाहिजे.

‘‘बाकीचे गट म्हनते, आपन कुठी अन् दिल्ली कुठी,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी म्हनलं, विचारून तं पाहू.’’

चाचांनी ती टोपली हातात घेतली. उलटी केली, उजेडाकडे धरली, विणीत बोट घालायचा प्रयत्न केला. बोट गेलं नाही.

‘‘दिवाळीच्या आंधी दिसन बाई,’’ ते म्हणाले. ‘‘जबान देली.’’

चाचांची जबान म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ती त्यांनी फार कमी वेळा दिलेली मी पाहिली.

ठरलं असं की बाईंनी टोपल्या घेऊन चंद्रपूरला यायचं, आम्ही फोटो काढायचे, आणि पावसाळ्यातल्या अंकासोबत हज्जाम आला की ते कापून मागं पांढरं करायचे. पण त्या वर्षी पाऊस असा लागला की धानोऱ्याचा रस्ता आज बंद, उद्या बंद. पाणी ओसरलं तोवर धानाची रोवणी सुरू झाली आणि गावातली एकूण एक बाई चिखलात. इकडे हज्जाम आला, आमच्या मशीनांवर महिनाभर राहिला, लग्नाला फार लवकर आलेल्या पाहुण्यासारखा रिकामा बसला आणि गेला. दुसऱ्या कंपनीचा हज्जामही त्याच पावसात येऊन गेला. समोसे आले, पण चाचांनी आपला तसाच कागदात गुंडाळून ठेवला. दिवाळी दिसायला लागली होती आणि आमच्या तिन्ही मशीनांवर फोटोला कात्री लावणारं कोणी उरलं नव्हतं.

प्रोग्रामर म्हणाला, ‘‘चाचा, एका दिवसाचं काम हाय. बाजारातली सीडी आणतो, काम झालं का फेकून देतो.’’

‘‘आन,’’ चाचा म्हणाले. ‘‘मंग तो परवाना उतरव भिंतीवरून.’’

तो काही आणायला गेला नाही.

त्याच आठवड्यात बाईंचा धानोऱ्याहून फोन आला, एसटीडीवरून. रोवणी आटोपली होती, टोपल्या तयार होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, गटाला सरकारातून एक कॉम्प्युटर मिळालेला आहे. माझ्याच घरी आहे. खराब होईल म्हणून आजवर कोणाला हात लावू दिला नाही.

चाचा खुर्चीतून उभेच राहिले. फोनवर हात ठेवून मला म्हणाले, ‘‘कोरी मशीन! बेटा, कोरी!’’ ज्या मशीनवर हज्जाम आजवर कधी बसला नाही तिथं तो इमानदारीनं महिनाभर बसू शकत होता. पाहुणा नव्या घरी जाईल, यात कोणाची फसवणूक? चाचांनी सीडी रुमालात गुंडाळली, आपला डिजिटल कॅमेरा घेतला, ही त्यांची एकुलती एक चैन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. मूल, गडचिरोली, मग धानोरा. चाचा सफारी घालून, खिशात कंगवा आणि स्क्रूड्रायव्हर. वाटेत कारण नसताना मला दोनदा चहा पाजला. इतके खूश मी त्यांना क्वचित पाहिले.

बाईंचं घर सारवलेलं, स्वच्छ. आतल्या खोलीत धानाच्या ढोलीशेजारी टेबल होतं आणि त्यावर कोरं करकरीत पातळ पांघरून कॉम्प्युटर. बाईंनी पातळ अलगद काढलं, घडी केली. गटातल्या बायका दारात दाटीवाटीनं उभ्या. नशिबानं वीज होती. मशीन सुरू झालं, पडदा उजळला, आणि चाचांचा चेहरा उतरला.

पडद्यावर सगळं आधीपासूनच हजर होतं. मिस्त्री, नौटंकी आणि हज्जामसुद्धा. ज्यानं मशीन पोचवलं त्यानं जाता जाता बाजारातल्या सीडीवरचं सगळं आत ओतून दिलं होतं. चाचांनी हज्जाम उघडला. महिन्याची अट नव्हती काही, मालक म्हणून भलत्याच कोणाचं परदेशी नाव लिहिलेलं. ते नाव त्यांनी ओठांनी वाचलं आणि माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मी हळूच म्हटलं, ‘‘चाचा, आपण थोडंच टाकलं हे? आयतं आहे. दोन तासांचं काम.’’

दिवाळी तोंडावर, जबान दिलेली, दारात बायका, टोपल्यांची रास अंगणात. मला त्या क्षणी त्यांचा मनापासून राग आला. म्हटलं, हा माणूस आता या बायकांचं दिल्लीला जाणं आपल्या तत्त्वापायी बुडवणार.

बाईंनी विचारलं, ‘‘काय झालं भाऊ? बिघडलं काय?’’

‘‘बिघडलं नाई बाई,’’ चाचा म्हणाले. ‘‘ह्याच्यात जो माल भरला हाय नं, तो ज्यानं बनवला त्याले इचारून नाई भरला.’’

बाईंनी पडद्याकडे बोट केलं.

‘‘पास नाई काय त्याले?’’

‘‘नाई.’’

आणि बाई भडकल्या. चाचांवर नव्हे, मशीन आणून देणाऱ्यावर. मागल्या साली त्यांच्याच जंगलातला, त्यांच्याच हक्काचा बांबू घेऊन त्या येत असताना वनखात्याच्या नाक्यावर अडवलं होतं. बांबू नेण्याचा पास गटाच्या दुसऱ्या बाईकडे, ती मागच्या गाडीत. गाडी येईस्तोवर गार्डानं दिवसभर बांबूसकट बसवून ठेवलं, चोरासारखं, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

‘‘आमी आपला बांबू आनला तं आमाले बसवते,’’ बाई म्हणाल्या, ‘‘अन् हा मानूस माह्या घरात बिनापासचा माल ठेवून गेला? मले न सांगता? अन् मी त्याच्यावर नवं पातळ घालून राह्यली!’’ त्यांनी स्वतः बटण बंद केलं. पातळ काही परत घातलं नाही.

मग बाईंनीच विचारलं, पण आता आवाज खाली आला होता, ‘‘मंग टोपल्या कशा जातीन, भाऊ?’’

चाचा उठून अंगणात गेले. टोपल्यांच्या राशीभोवती एक चक्कर मारली, उन्हाकडे बघितलं, खिशातल्या कंगव्यानं केस विंचरले. मला वाटतं, त्या घटकेला ते वेबसाइटवाले राहिले नाहीत, स्टुडिओवाल्याचं पोर झाले.

‘‘अब्बाजवळ कुठी होता हज्जाम?’’ ते म्हणाले. ‘‘जेवढं पायजे तेवढंच काढाचं. कापाले काही ठेवाचंच नाई. बाई, पांढरं लुगडं हाय काय कोनाचं?’’

लुगडं आलं. चार बायकांनी ते ताणून धरलं, दोघींनी वरून, दोघींनी खालून, पुढं टोपली. चाचांनी कॅमेऱ्यावर फोटोचा आकार सर्वांत लहान केला, वेबसाइटच्या पानावर थेट बसेल एवढा, आणि सफारीसकट त्या शेणानं सारवलेल्या अंगणात पालथे पडले. मग जे काही चाललं ते बघायला सगळं गाव जमा झालं. वारा आला की लुगडं शिडासारखं फुगायचं. कोंबड्या टोपलीमागून डोकावायच्या. ‘‘हिलू नोका, हिलू नोका!’’ चाचा ओरडायचे आणि त्यांच्या ओरडण्यानंच बायका हसून हलायच्या. ऊन सरकलं की सगळी फौज सरकायची. एका टोपलीपाशी समाधान होईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. लुगडं धरणाऱ्या बायका आळीपाळीनं बदलत होत्या, चाचा तेवढे जमिनीवरून उठले नाहीत. शेवटचं सूप काढून झालं तेव्हा त्यांच्या सफारीचा रंग कोणता ते सांगता आलं नसतं, पण गडी तृप्त होता. बाईंनी मोहाची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. चाचा दोन घास जास्तच जेवले.

घोटाळा कळला तो दुसऱ्या दिवशी, चंद्रपूरला. कॅमेऱ्याच्या भोकातून डोळ्याला जेवढं दिसतं त्याहून जरा जास्तच त्या कॅमेऱ्यात उतरायचं. मोठ्या पडद्यावर फोटो उघडले तर प्रत्येक फोटोत कडेला बोटं. लुगडं धरलेली, काळी, राकट, कुठं बांगडीसकट, कुठं नखात बांबूचा भुसा अडकलेला. एकही फोटो बोटांवाचून नव्हता, आणि ती पुसायला हज्जाम नव्हता.

‘‘अब्बाच्या स्टुडिओतून असा फोटो बाहेर गेला असता,’’ चाचा म्हणाले, ‘‘तं त्यायनं दुकान बंद केलं असतं.’’

पण दुसऱ्यांदा जायला वेळ नव्हता. प्रोग्रामरनं साध्या पाटीवर, मशीनसोबत येतं त्या बिनखर्ची एडिटरमध्ये, हातानं एकेक ओळ लिहून पानं उभी केली. कुरकुर एकदाही केली नाही, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. हमालानं दिवाळीच्या अगोदर सगळं वर चढवलं. जबान पाळली गेली, पण चाचांना आनंद नव्हता. कोणी ती वेबसाइट दाखवा म्हटलं की ते दुसरीच उघडायचे.

दिवाळी झाली. नागपूरहून फोन आला की गटाची निवड झाली आहे, चौघीजणींनी दिल्लीला यावं. कारण कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. चाचांनी फोन ठेवला आणि खालच्या मजल्यावर भावाला इतक्या जोरात हाक मारली की त्याच्या हातची काच फुटली.

नेमक्या त्याच महिन्यात मासिकासोबत नवा हज्जाम आला, नवी आवृत्ती, म्हणजे जुन्या मशीनांवरही रीतसर महिनाभर राहणारा. सीडी आत जाते न जाते तोच चाचा मला म्हणाले, ‘‘बेटा, बाकी सगळं राहू दे. पयले ते बोटं काढ.’’ मी मन लावून काढली. बांगड्या गेल्या, भुसा गेला, सुरकुतलेलं लुगडं गेलं. स्वच्छ पांढऱ्यावर नुसती टोपली. कुठल्याही मोठ्या शहरातल्या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये शोभावी अशी. चाचांनी प्रत्येक फोटो बघितला आणि बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतला. ‘‘आता अब्बाले दाखवता येईन,’’ म्हणाले. बाई दिल्लीला जाताना चंद्रपुरावरूनच गाडी धरणार होत्या. त्यांना दाखवायचे आणि मग वर चढवायचे असं ठरलं.

बाई आणि बाकी तिघी आल्या. गाठोडी बांधलेली, डोक्याला तेल, चौघींच्या अंगावर नवी लुगडी. धानोऱ्याला इंटरनेट नव्हतं, त्यामुळे आपली वेबसाइट त्यांनी अजून पाहिलीच नव्हती. चाचांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. मी स्वच्छ केलेले फोटो एकेक करून दाखवले. बायका बघत होत्या. चाचा वाट बघत होते.

‘‘कोनाच्या हायत ह्या टोपल्या?’’ बाईंनी विचारलं.

‘‘तुमच्याच नं, बाई.’’

बाईंनी मान हलवली. ‘‘बेस हाय. पन आमच्या नोहोत वाटते.’’

चाचा माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी न सांगताच मी जुने फोटो उघडले, बोटांवाले. आणि त्या चौघी एकदम पुढं सरकल्या. एकीनं पडद्याला बोट लावलं. ‘‘हे बुधली! पाह्य नं, तिचीच बांगडी.’’ दुसरी म्हणाली, ‘‘अन् हा तुहा अंगठा, चेचलेला.’’ हशा सुरू झाला. प्रत्येक फोटोत कोणत्या कोपऱ्याला कोण, हे त्या एकमेकींना सांगत होत्या, आणि एकीचंही चुकत नव्हतं. प्रोग्रामर काम सोडून उभा राहिला. चाचा बदकांच्या भिंतीला टेकून बघत होते.

एका सुपाच्या फोटोपाशी बाई थांबल्या. खालच्या कोपऱ्यात दोनच बोटं दिसत होती, बारीक, कोवळी.

‘‘हे सोनी,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हे सूप तिनंच केलं. दिल्लीले येयाची लय इच्छा होती तिची. पन लेकरू लहान हाय, नाई येता आलं. कालपासून रडून राह्यली होती.’’ आणि मग त्यांनी त्या दोन बोटांवर पदराचं टोक फिरवलं, पडद्यावर धूळ नव्हती तरी. ‘‘इथी तं हाय नं. मंग चालली आमच्यासंगं.’’

चाचांनी चष्मा काढला, परत घातला. मी कापलेल्या फोटोंचं फोल्डर अजून उघडंच होतं. त्यांनी पुढं होऊन ते बंद केलं.

‘‘बेटा,’’ ते म्हणाले, ‘‘जुनेच राहू दे. अन् हा सोनीचा फोटो पयल्या पानावर घे.’’